सोन्यावर हस्तांदोलन आणि दारात फौज: सम्राट नर्वाच्या एका नाण्याचं प्रकरण

ऑरियस म्हणजे रोमन सोन्याचं नाणं. आपण ज्या नाण्याबद्दल बोलणार आहोत त्याचं वजन साधारण साडेसात ग्रॅम, आकाराने आपल्या एक रुपयाच्या नाण्याच्या आसपास. पुढच्या बाजूला एका वयस्कर माणसाचा चेहरा, नाक लांब आणि बाकदार, मान बारीक, डोक्यावर पानांचा मुकुट. मागच्या बाजूला देव नाही, देवी नाही, नुसते दोन उजवे हात एकमेकांत घट्ट धरलेले आणि भोवती लिहिलंय 'कॉन्कॉर्डिया एक्झर्सिटुम', म्हणजे सैन्यांची एकी. सम्राट नर्वाचं नाणं, पाडलं रोममध्ये, पहिल्यांदा निघालं ते इ.स. ९६ मध्येच.

आणि साधारण वर्षभरातच याच सम्राटाला त्याच्याच राजवाड्यात त्याच्याच सैनिकांनी घेरलं.

आता हे वाचून लगेच सगळे म्हणतात की बघा, रोमन नाण्यावर जे लिहिलेलं असतं त्याच्या बरोबर उलट समजायचं, एकी लिहिलंय म्हणजे भांडणं होती. हा जोक नाणी गोळा करणाऱ्यांमध्ये जुना आहे आणि अगदीच खोटा पण नाही, पण त्यावर थांबलं तर या प्रकरणातली खरी गंमत हातातून जाते. माझं म्हणणं असं आहे की या नाण्यावरचा सद्गुण म्हणजे वर्णनही नाही आणि थापही नाही, ती मागणी आहे, आणि ज्यांच्याकडे मागणी करायची त्यांच्याच खिशात ती जाईल अशी सोय केलेली आहे. फक्त मागणी एका फौजेकडे केली आणि धोका दुसऱ्याच फौजेकडून आला.

आधी पार्श्वभूमी बघू. १८ सप्टेंबर ९६ ला सम्राट डोमिशियनचा त्याच्याच महालात खून झाला. कटात घरातलेच लोक, त्याचा शयनगृहाचा अधिकारी पार्थेनियस त्यात होता, आणि प्रेटोरियन म्हणजे सम्राटाच्या खास संरक्षक दलाचा एक प्रमुख पेट्रोनियस सेकुंडस याचंही नाव जोडलं जातं. सिनेटने, म्हणजे रोमच्या खानदानी पुढाऱ्यांच्या सभेने, त्याच दिवशी नर्वाला सम्राट केलं. नर्वा म्हणजे साठीच्या पुढचा, मूलबाळ नाही, कुठल्या मोठ्या लढाईवर गेल्याची नोंद नाही. पण राजकारणात मुरलेला. नीरोच्या काळात ६५ साली एक मोठा कट उघडकीला आला तेव्हा याला बक्षिसी मिळालेली, मग ७१ मध्ये सम्राट व्हेस्पेशियनबरोबर कॉन्सल, म्हणजे रोममधलं सगळ्यात मानाचं सरकारी पद, ९० मध्ये डोमिशियनबरोबर कॉन्सल. म्हणजे सरकार कोणाचंही असो, हा माणूस आपला आहेच. असे लोक सगळीकडे असतात.

सिनेट खूष होती, इतकी की सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियस लिहितो की सभागृहात शिड्या मागवून डोमिशियनच्या ढाली आणि चित्रं खाली आपटली. सामान्य लोकांना फारसं सुखदुःख नव्हतं. पण सैनिक भयंकर चिडले होते, त्यांना तर डोमिशियनला लगेच देव घोषित करायचं होतं आणि सूड घ्यायचा होता, पुढे होणारा कोणी पुढारी मिळाला नाही म्हणून थांबले. डोमिशियन वाईट असेल सिनेटसाठी, सैनिकांसाठी तो पगार वाढवणारा माणूस होता. ही पगारवाढ नीट समजून घ्यायला लागते कारण तिथेच सोनं येतं. त्याच्या आधी लीजनच्या, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या पलटणीच्या, साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनार मिळायचे, तीन हप्त्यांत. एक ऑरियस म्हणजे २५ चांदीचे दिनार, म्हणजे वर्षाचे नऊ ऑरियस. डोमिशियनने चौथा हप्ता जोडला, तीन ऑरियसचा, आणि पगार झाला ३०० दिनार, बारा ऑरियस. सुएटोनियस हा हिशोब सोन्याच्या नाण्यातच देतो. पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळापासून न हललेला पगार या माणसाने एका फटक्यात एक तृतीयांशाने वाढवला, मग त्याला मारल्यावर फौजेने टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा कोण करणार.

तर परिस्थिती अशी: नवा सम्राट, लष्करी वजन शून्य, सीमेवर तीसेक लीजन पसरलेल्या, आणि शहराच्या कडेलाच प्रेटोरियनांची छावणी. आणि नर्वाच्या पिढीच्या लोकांना ६९ साल चांगलं आठवत होतं. त्या एका वर्षात चार सम्राट झाले, गाल्बा, ऑथो, व्हिटेलियस, व्हेस्पेशियन, आणि प्रत्येक वेळी कुठल्यातरी प्रांताची फौज किंवा प्रेटोरियन यांनी ठरवलं. गाल्बा पण असाच म्हातारा आणि निपुत्रिक होता. त्याने प्रेटोरियनांना ठरलेली बक्षिसी द्यायला नकार दिला, मी सैनिक निवडतो, विकत घेत नाही असं म्हणाला, जानेवारी ६९ मध्ये पिसो नावाच्या एका खानदानी तरुणाला दत्तक घेतलं आणि पाच दिवसांनी दोघांचीही मुंडकी उडाली. नर्वाच्या डोक्यात हे नसेल असं मला तरी वाटत नाही.

आता टांकसाळीकडे येऊ. नर्वाच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला येतात त्या गोष्टींची यादी मोठी नाही. एक्विटास, म्हणजे न्याय्य व्यवहार, हातात तराजू आणि दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. युस्टिटिया म्हणजे न्याय, बसलेली बाई, राजदंड आणि फांदी घेऊन. लिबर्टास पब्लिका, लोकांचं स्वातंत्र्य, तिच्या हातात ती टोपी जी गुलामाला मुक्त केल्यावर घालायला मिळायची. सालुस पब्लिका, लोकांचं क्षेमकुशल, हातात कणसं. फोर्टुना, नशीब, तिच्याकडे सुकाणू. आणि आपले दोन हात. यातले एक्विटास आणि युस्टिटिया हे सम्राटाच्या अंगचे गुण, म्हणजे मी असा आहे हे सांगणारे. हा प्रकार ऑगस्टसपासूनचा, त्याला सिनेटने सोन्याची ढाल दिली होती आणि तिच्यावर चार गुण होते, शौर्य, क्षमाशीलता, न्याय आणि कर्तव्यनिष्ठा. लिबर्टास, सालुस हे गुण नव्हेत, सम्राट चांगला असला की लोकांना जे मिळतं ते. म्हणजे एक झाला स्वभाव आणि दुसरं झालं त्याचं फळ.

कॉन्कॉर्डिया या दोन्ही खान्यांत नीट बसत नाही. एकी ही सम्राट एकटा दाखवू शकत नाही आणि देऊही शकत नाही, ती समोरच्याने ठेवायची असते. म्हणून मला हे नाणं बाकीच्या सिरीजपेक्षा वेगळं वाटतं. बाकी बहुतेक ठिकाणी एक ठरावीक बाई आहे, तिच्या हातात ठरावीक वस्तू आहे, इथे नुसते हात. कोणाचे हात? सम्राटाचा आणि सैन्याचा, की एका सैन्याचा आणि दुसऱ्या सैन्याचा? नाण्यावरची अक्षरं अनेकवचनी आहेत, सैन्यांची एकी, त्यामुळे जर्मनीतली फौज, डॅन्यूबवरची फौज, सीरियातली फौज यांनी आपापसात भांडू नये हा अर्थ सरळ निघतो. काही नाण्यांवर तर या हातांत लीजनचं गरुडचिन्ह आहे आणि ते जहाजाच्या नाळेवर टेकवलंय, म्हणजे जमिनीवरची फौज झाली आणि आरमार पण झालं. कोणालाच बाहेर ठेवलेलं नाही. इतकं सगळ्यांना धरून बोलायला लागतं तेव्हा बोलणाऱ्याला घाम फुटलेला असतो.

आणि हा छाप नर्वाने शोधलेला नाही. ६८-६९ च्या यादवीत अशाच जुळलेल्या हातांची नाणी निघाली होती, त्यावर सैन्यांची निष्ठा, प्रेटोरियनांची निष्ठा असे लेख. म्हणजे ज्या वर्षाची भीती होती त्याच वर्षाचं चित्र पुन्हा वापरलं. फक्त निष्ठा हा जरा जास्त मोठा शब्द सोडून एकी घेतली, निष्ठा मागायची हिंमत बहुतेक नव्हती, तुम्ही निदान आपसात लढू नका एवढंच.

तारखेचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. रोमन नाण्यावर सम्राटाच्या पदव्या असतात आणि कितव्यांदा कॉन्सल ते लिहिलेलं असतं. नर्वा दुसऱ्यांदा कॉन्सल झाला ९० मध्ये, तिसऱ्यांदा जानेवारी ९७ मध्ये, चौथ्यांदा जानेवारी ९८ मध्ये. म्हणून 'कॉस २', म्हणजे दुसऱ्यांदा कॉन्सल, असं लिहिलेलं नर्वाचं नाणं म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर ९६, दुसरा पर्यायच नाही. आणि हातांचं नाणं 'कॉस २' पासूनच आहे. म्हणजे बंड झालं, मग घाबरून एकीची नाणी काढली, असा जो क्रम काही जण लावतात तो उलटा आहे. नाणं आधी, बंड नंतर. पहिल्या काही आठवड्यांतच टांकसाळीला माहीत होतं की प्रश्न कुठे आहे. ज्यांना स्वतः तपासायचंय त्यांनी 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' नावाचा फुकट कॅटलॉग आहे तो उघडून नर्वाखाली बघा, संध्याकाळ कशी गेली कळणार नाही.

छाप कोण निवडायचं यावर अभ्यासकांचे वाद चालूच असतात, सम्राट स्वतः की टांकसाळीचे अधिकारी की खजिन्याचे. माझ्या मते या प्रकरणात त्याने फार फरक पडत नाही, कारण कोणीही निवडलं असलं तरी सम्राटाला चालेल, आवडेल असंच निवडलं असणार आणि सोन्याच्या नाण्यावर चुकून काही येत नाही.

सोनं आणि कांस्य यांची तुलना केली की मागणीवाला मुद्दा अजून स्पष्ट होतो. नर्वाची कांस्याची मोठी नाणी, सेस्टर्शियस, ती फार वेगळी बोलतात. एकावर ताडासारखं झाड आहे आणि लेख सांगतो की ज्यू लोकांवरच्या करातली खोट्या तक्रारींची पद्धत बंद केली. एकावर खेचरं चरतायत, गाडी मागे उलटी ठेवलेली, लेख सांगतो की सरकारी टपाल-वाहतुकीचा इटलीवरचा बोजा उचलला. एकावर धान्याचं माप, शहरातल्या गरीब जनतेला धान्याची सोय केली. हे सगळे प्रत्यक्ष निर्णय आहेत, आपल्याकडच्या सरकारी योजनेच्या बॅनरसारखे. हे कांस्य रोम आणि इटलीच्या बाजारात फिरणार, भाजीपाला घेताना लोकांच्या हातात पडणार, मग तिथे काम दाखवलं. कॉन्कॉर्डियाचे हात कांस्यावर पण आहेत, नाही असं नाही, पण सोन्याचांदीवर खेचरं कुठेच नाहीत. तिथे बहुतेक गुण आणि आशीर्वाद. कारण सोनं कोणाकडे जातं? श्रीमंत सिनेटर, मोठे ठेकेदार, आणि सैन्य. सैन्याला टपाल-कराचं काय घेणंदेणं.

आणि हे सोनं आलं कुठून याची एक बाजू इतिहासकार कॅशियस डिओ देतो. डोमिशियनचे सोन्याचांदीचे कितीतरी पुतळे होते, ते वितळवले आणि त्यातून भरपूर पैसा उभा राहिला. म्हणजे ज्या सम्राटावर फौजेचं प्रेम होतं त्याचेच पुतळे वितळवून आलेल्या पैशात आता फौजेच्या एकीचं नाणं. नेमकं तेच सोनं याच नाण्यात गेलं असं कोणी सिद्ध करू शकत नाही, पण नर्वाला पैशाची तंगी होती हे खरं, त्याने राजवाड्यातलं सामान, भांडी, कपडेसुद्धा विकायला काढले होते. पुतळ्यांवरून आठवलं, नेपल्सजवळ मिसेनमला एक घोड्यावरचा ब्रॉन्झ पुतळा सापडलाय, आता बाया नावाच्या गावच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये आहे, त्याचं अंग डोमिशियनचं आणि चेहरा कापून तिथे नर्वाचा चेहरा मुखवट्यासारखा बसवलेला. संगमरवरी डोकी पण अशीच तासून तासून नर्वा केलेली आहेत बरीच. काटकसर म्हणा किंवा घाई म्हणा.

मग ९७ साल. आधी काल्पुर्नियस क्रासस नावाच्या सिनेटरचा कट कळला. नर्वाने काय केलं, त्याला खेळ बघताना शेजारी बसवलं आणि तलवारी त्याच्या हातात दिल्या, धार नीट आहे का बघा म्हणून. म्हणजे मला माहीत आहे, मारायचं तर मार. दाखवायला छान, पण याने फौज कशी आवरणार. दरम्यान पूर्वेला एक सेनापती मोठी फौज बाळगून आहे आणि त्याच्याबद्दल काहीबाही अफवा आहेत असं त्या काळचा सिनेटर धाकटा प्लिनी याच्या पत्रात येतं. म्हणजे अनेकवचनातली भीती अगदीच हवेतली नव्हती.

पण वार झाला तो घरातून. प्रेटोरियनांचा प्रमुख आता कॅस्पेरियस एलियानस होता, डोमिशियनच्या काळातला जुना माणूस, नर्वानेच परत नेमलेला. का नेमला हे मला आजही पटत नाही, बहुतेक सैनिकांना खूष करायला. त्याच्याच चिथावणीने प्रेटोरियनांनी महालाला वेढा घातला, मागणी एकच, डोमिशियनचे मारेकरी आमच्या ताब्यात द्या. नर्वाने नाही म्हटलं. डिओ सांगतो की त्याने गळ्याजवळचा भाग उघडा करून मान पुढे केली. त्याचा काही उपयोग झाला नाही. पेट्रोनियस एका घावात गेला, पार्थेनियसचे जे हाल केले ते इथे लिहीत नाही. आणि वर सम्राटाला लोकांसमोर उभं करून सैनिकांचे आभार मानायला लावले, की दुष्टांना मारून तुम्ही उपकार केलेत.

इथे नाण्याकडे परत बघा. त्यावर एकी मागितली होती सैन्यांची, आणि सीमेवरच्या सैन्यांनी खरंच बंड केलं नाही. लीजन लीजनवर चालून गेली नाही. ६९ परत झालं नाही. म्हणजे लेखातली मागणी शब्दशः पूर्ण झाली असं म्हणावं लागतं, आणि तरी सम्राटाचा वचक संपला, कारण त्या रचनेत असं गृहीत धरलेलं होतं की धोका दूर आहे आणि रोममधली फौज आपली आहे. उलट समजायचं वाली मंडळी इथे चुकतात असं मला वाटतं, नाणं उलट बोलत नव्हतं, ते चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं. आणि लिबर्टास? तिच्याबद्दल इतिहासकार टॅसिटस स्वतः म्हणतो की नर्वाने पूर्वी एकत्र न नांदणाऱ्या दोन गोष्टी एकत्र आणल्या, सम्राटाची सत्ता आणि स्वातंत्र्य. एवढं कडक लिहिणारा माणूस हे मान्य करतो तर त्या नाण्यात तथ्य होतंच. त्याचा दुसरा चेहरा पण होता, जुन्या चुगलखोरांवर जो तो खटले भरायला लागला तेव्हा कॉन्सल फ्रोंटो म्हणाला की कोणालाच काही करू न देणारा सम्राट वाईट, पण सगळ्यांना सगळं करायची परवानगी देणारा त्याहून वाईट. म्हणजे एकाच सिरीजमधले सगळे सद्गुण एका मापाने मोजता येत नाहीत, काही खरे, काही अर्धे, काही नुसतेच मागितलेले.

बंडानंतर नर्वाने जे केलं ते मात्र हुशारीचं. ९७ च्या शरद ऋतूत डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतातून विजयाची बातमी आली, तो कॅपिटॉलवर गेला आणि जाहीर केलं की मी मार्कस उल्पियस ट्राजनला दत्तक घेतोय. ट्राजन त्या वेळी वरच्या जर्मनीचा गव्हर्नर, हाताखाली लीजन, रोमपासून जवळात जवळ असलेल्या मोठ्या फौजांपैकी एक. गाल्बाने दत्तक घेतला होता तो फौज नसलेला माणूस, नर्वाने घेतला फौज असलेला. डिओ म्हणतो की त्याने ट्राजनला होमरची ओळ लिहून पाठवली, तुझ्या बाणांनी माझ्या अश्रूंची भरपाई होऊ दे. याला म्हणायचं मजकूर बरोबर पत्त्यावर पाठवणं. जानेवारी ९८ च्या शेवटी नर्वा वारला, आपल्या अंथरुणात, जे त्याच्या परिस्थितीत मोठंच यश.

हा हातांचा छाप पुढे पण येत राहतो. २३८ मध्ये बाल्बिनस आणि पुपियेनस असे दोन सम्राट एकत्र बसवले, त्यांच्या चांदीवर जुळलेले हात आणि परस्पर निष्ठा, परस्पर प्रेम असे लेख, प्रत्यक्षात एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, तीनेक महिन्यांत प्रेटोरियनांनी दोघांना ओढत नेऊन मारलं. १९३ मध्ये प्रेटोरियनांकडून लिलावात गादी घेतलेल्या डिडियस ज्युलियानसने तर सोन्यावर सैनिकांची एकी छापली, हातात फौजेची निशाणं घेतलेली कॉन्कॉर्डिया, तो ६६ दिवस टिकला. ज्यांना नमुने गोळा करायचेत त्यांना कमी पडणार नाहीत, पण प्रत्येक वेळी आधी तारीख बघा आणि ते नाणं कोणाच्या हातात जाणार होतं ते बघा, मग गुणाचं नाव वाचा.

आपल्याकडचा धागा सांगायचा तर रोमन सोनं दख्खनमध्ये भरपूर आलं, सोलापूर जिल्ह्यात दारफळला अशा सोन्याच्या नाण्यांचा साठा सापडल्याची नोंद आहे. पण इथे त्या सद्गुणांना कोणी विचारत नव्हतं. लॅटिन वाचणारं कोण होतं, सोनं वजनावर घेतलं जायचं, भारतात सापडलेल्या कित्येक नाण्यांना गळ्यात घालायला भोकं पाडलेली आहेत किंवा कडी जोडलेली आहे, आणि दक्षिणेतल्या पुदुकोट्टईच्या मोठ्या साठ्यात तर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचे घाव घातलेले आहेत. नाणं तेच, पण ज्याच्यासाठी लिहिलं तो वाचक नसला की उरतं फक्त साडेसात ग्रॅम.

परत ट्राजनकडे. त्याने सम्राट झाल्यावर रोमला यायची घाई केली नाही, ९९ मध्ये आला. त्याआधी त्याने कॅस्पेरियस एलियानसला आणि बंडवाल्या प्रेटोरियनांना काही कामगिरी आहे असं सांगून आपल्याकडे बोलावून घेतलं आणि त्यांचा काटा काढला. मग नव्या सम्राटाने द्यायची बक्षिसी आली तेव्हा, प्लिनी आपल्या स्तुतिभाषणात सांगतो, जनतेला पूर्ण रक्कम दिली आणि सैनिकांना त्यांच्या रकमेचा काही भागच, आणि सैनिकांनी मुकाट्याने घेतला.